सासूबाईंचा दुसरा डोस अडल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
लस संशोधन प्रयोगशाळा,
दुसरा मजला, टोकाचे दालन.

विषय : साठीपुढच्या माणसाच्या पेशी न घेण्याच्या नियमातून अर्जदाराच्या सासूबाईंना सूट मिळणेबाबत.

संदर्भ : काल लिफ्टपाशी झालेले बोलणे. आपण "लेखी द्या" म्हणालात आणि दार बंद झाले.

महोदय,

सविनय निवेदन असे की, अर्जदार आपल्याकडे पेशी वाढवण्याच्या खोलीत सहायक आहे. पेशी बारीक बुडबुडे सोडतात, त्यांना पुटिका म्हणतात, आणि त्यांवर तापाच्या जंतूची खूण चढवून आपली लस होते, हे आपणास ठाऊकच आहे. पण लेखी मागितल्यामुळे अर्जदार पहिल्यापासून लिहीत आहे. यंदाच्या लसीच्या पेशी अर्जदाराच्याच कातडीतून वाढवल्या आहेत. दाता मिळेना, तेव्हा खोलीप्रमुख बाईंनी मान वर केली आणि समोर अर्जदार उभा होता.

अर्जदाराच्या सासूबाईंची छाती नाजूक आहे. गेल्या थंडीत त्यांना ऑक्सिजनवर ठेवावे लागले. म्हणून लस आल्या आल्या अर्जदार त्यांना घेऊन गेला. सुई पाहून त्या बिचकल्या. धीर द्यावा म्हणून अर्जदार बोलून गेला की घाबरू नका, आतले बुडबुडे माझ्याच पेशींचे आहेत, घरचेच समजा. तोवर सुई टोचून झाली होती.

सासूबाईंचे म्हणणे जसेच्या तसे देत आहे : "मुलगी दिली ती दिली. आता जावयाच्या पेशीही मीच नांदवायच्या का?" त्या दिवसापासून त्या चष्मा विसरल्या तर अर्जदाराचे बुडबुडे, टीव्हीपुढे घोरल्या तर अर्जदाराचे बुडबुडे. परवा त्यांनी चहात मीठ घातले, तेही अर्जदाराच्या खाती जमा झाले. बुडबुड्यांतून स्वभाव जात नाही, ते अंगात लवकरच विरून जातात, हे अर्जदाराने चित्र काढून समजावले. पालथ्या घड्यावर पाणी. त्या म्हणाल्या, तुमचा स्वभाव विरणारा नाही, चिकट आहे. पत्नीनेही मान डोलावली. खालच्या शिंप्याने हीच लस घेतली असून तो आता अर्जदाराला 'दादा' म्हणतो आणि आपल्या घरच्या भानगडी सांगायला वर येतो.

दुसऱ्या डोसची मुदत शुक्रवारी संपते. त्यानंतर पहिलाही वाया गेल्यात जमा. शेजारच्या इमारतीत ताप येऊन पोचला आहे. अर्जदार स्पष्टच लिहितो की त्याला फार भीती वाटते. त्याला आई नाही. ह्या बाई त्याला दिवसभर घालूनपाडून बोलतात, पण तो घरी आल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. त्यांच्या तोंडावर पुन्हा तो मास्क पाहण्याची त्याची तयारी नाही.

पुष्कळ मिनतवारी केल्यावर सासूबाईंनी एकच अट घातली आहे. प्रयोगशाळेने त्यांच्या पेशी घ्याव्यात, बाटलीत वाढवाव्यात आणि त्यांच्या बुडबुड्यांची लस पुढे जावयाला टोचावी. म्हणजे फिट्टंफाट. पेशी बाटलीत पडलेल्या डोळ्यांनी दिसल्या की तिथल्या तिथे त्या दंड पुढे करतील.

अडचण एवढीच की सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. म्हाताऱ्या पेशी धड वाढत नाहीत, असे खोलीप्रमुख बाईंचे मत आहे. हे मत सासूबाईंच्या कानावर गेले असून त्या आपल्याला भेटायला येणार आहेत. त्याआधी मंजुरी मिळाल्यास सर्वांचेच भले होईल. बाटली अर्जदार जातीने सांभाळील. त्यांची लस घेण्यासही त्याची हरकत नाही. आजवर त्यांचे कानाने घेतले, आता दंडाने घेईल.

तरी गुरुवार संध्याकाळपर्यंत एक बाटली आणि आपली सही मिळावी.

आपला नम्र व तूर्त जिन्यात बसून लिहिणारा,
(सही)
सहायक, पेशी वाढवण्याची खोली

दिनांक : मंगळवार, ऑफिस सुटल्यावर

सोबत :
१. सासूबाईंचे संमतीपत्र (तीनदा वाचून, दोन वाक्ये खोडून सही केलेले)
२. अर्जदाराचे संमतीपत्र (न वाचता सही केलेले)