बिनमिठाची पोळी

१७ ऑक्टोबर १९८२, रविवार

हिदायेत येऊन गेला. गावचा मुख्तार, म्हणजे गावप्रमुख, झाल्यापासून दार वाजवून येतो. आधी सरळ चुलीपर्यंत यायचा आणि पातेल्यात नाक घालायचा.

"काकू, दारावरचा निळा मणी उतरवा."

मी म्हटलं, का रे, दृष्ट लागायची बंद झाली का?

"तसं नाही हो. मतदान होईपर्यंतच. निळा म्हणजे 'नको'. चौकीचा हुकूम आहे, निळ्याचा प्रचार दिसता कामा नये."

मणी प्रचार करतो! माझ्या सासूच्या सासूने लावलाय तो. तेव्हा आपल्या जनरलचा बापसुद्धा रांगत नसेल.

दोन वर्षांपूर्वी लष्कराने अंकाराचं सरकार घरी बसवलं. आता जनरल म्हणतो, नवी राज्यघटना केलीय, पसंत आहे का सांगा. पांढरी चिठ्ठी म्हणजे हो, निळी म्हणजे नाही. हो म्हटलं की त्याच चिठ्ठीत तोच सात वर्षं राष्ट्राध्यक्ष. 'नाही म्हणा' असं दुसऱ्याला सांगायची बंदी. मत द्यायला गेलं नाही तरी शिक्षा. मुलगी बघायला यायचं, मांडीवर बंदूक ठेवायची आणि विचारायचं — पसंत आहे ना?

"यतेरच्या खांद्यावरचाही काढा," हिदायेत जाता जाता म्हणाला. चार वर्षांची नात माझी! तिच्या फ्रॉकला टाचलेला मणी!

मी दार लावून घेतलं.

१८ ऑक्टोबर

मणी काढला नाही. गाईच्या गळ्यातही एक बांधला.

२१ ऑक्टोबर

हिवाळ्याच्या पोळ्या आज लाटल्या. गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात. गोवऱ्यांच्या धुराने डोळे गेले, पण थप्पी छातीएवढी झाली.

'निळा' हा शब्द कुणी उच्चारत नाही. शेजारची हाजेर म्हणते, "तो दुसरा रंग." तिच्या सुनेने यतेरला विचारलं, आभाळ कोणत्या रंगाचं गं? हाजेरने लाटण्याने सुनेच्या पोटरीवर हाणलं. सगळ्या हसल्या. मग सगळ्यांनी रस्त्याकडे बघितलं.

फिदान एक शब्द बोलली नाही. सून आहे की उंबऱ्याचा दगड! मात्र लाटते अशी की पोळीतून पलीकडचा माणूस ओळखावा. तेवढंच येतं तिला. आणि मीठ? आजही एक अख्खी परात बिनमिठाची मळली! मी सगळ्यांसमोर बोलले. "विसरले, आई." दरवेळी विसरते. गावात लहान पोरांनाही ठाऊक आहे, हव्वा आजीच्या सुनेची पोळी आळणी.

नेवझात तिच्यावर काय भुलला, देव जाणे. शिकलेला माणूस, गावच्या शाळेचा मास्तर. त्यानेच मला या वयात अक्षरं शिकवली. "आई, रोज एक ओळ लिही, नाहीतर हात विसरेल." शिक्षकांच्या संघटनेत होता म्हणून लष्कराने उचलला. तेव्हापासून तुरुंगात. खटला उभा राहतच नाही. म्हणून मी लिहिते. त्याने विचारलं तर हो म्हणता यावं.

२६ ऑक्टोबर

भेटीला जाऊन आलो. पहाटेची बस, मग फाटकाबाहेर थंडीत उभं राहणं.

गाठोड्यात पोळ्या आणि द्राक्षांची काकवी. पहारेकऱ्याने पोळ्यांच्या थप्पीत सळई खुपसली, चाळणी केली. मी म्हटलं, पोरा, यात रणगाडा लपत नाही! तो ओरडला, मी त्याच्याहून वर ओरडले. या भानगडीत माझी अर्धी भेट गेली. तोवर फिदान जाळीपाशी उभी.

मग मी गेले. दोन जाळ्या, मध्ये शिपाई. नेवझातचं डोकं भादरलेलं, कान केवढे दिसत होते. हात पाठीमागे. पुढे घेतलेच नाहीत. मी म्हटलं, हात दाखव. म्हणाला, "थंडी आहे, आई. लिहितेस ना?"

लिहिते, म्हटलं.

प्रत्येक वाक्याआधी शिपायाकडे बघत होता. लहानपणी माझा मार खाताना इकडेतिकडे बघायचा नाही हा.

परतताना बसमध्ये फिदानला विचारलं, तुला काय म्हणाला?

"काही नाही. थंडी आहे म्हणाले."

पुढे घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

३० ऑक्टोबर

आज हिदायेतबरोबर चौकीचा सार्जंट. बूट न काढता आत! मी सतरंजी गुंडाळून घेतली, तरी त्याला कळलं नाही.

"आजीबाई, तुमच्या मुलाचं प्रकरण डिसेंबरात उभं राहणार. घरच्यांची वागणूक कशी आहे, ते चौकीला विचारतात. मी लिहायचं असतं."

लिहिता येतं ना? मी विचारलं. हिदायेतला खोकला आला.

सार्जंट हसला. "या गावाची पेटी सगळी पांढरी निघाली तर मी चांगलं लिहीन. पाकिटं पातळ आहेत. आतला रंग बाहेरून दिसतो. मी पेटीशेजारीच बसणार आहे."

तो अंगणात गेल्यावर हिदायेत कुजबुजला, "काकू, पाया पडतो. आठवडाभर जीभ आवरा. एक निळी निघाली तरी सगळे तुमच्याकडेच बघतील."

खरं आहे ते. गावात जीभ आहे कुणाला? मला आणि गाढवाला.

३१ ऑक्टोबर

मणी काढला.

३ नोव्हेंबर

रेडिओवर जनरल. कुठल्यातरी चौकातलं भाषण, मध्ये टाळ्या. म्हणतो, देशाला कड्याच्या टोकावरून मागे ओढलं. ओढलं असेल. लष्कर येण्याआधीचा रस्त्यांवरचा गोळीबार थांबला हे मीही मान्य करते. त्या दिवसांत बाजाराला जाताना जीव मुठीत असायचा. हाजेरचा भाचा त्यात गेला. ती पांढरी टाकणार ते मनापासून, तिला मी काय बोलू? पण ओढणाऱ्याने हात सोडायला नको का? दोन वर्षं मानगूट धरूनच आहे!

नेवझातचे हात काही डोळ्यांपुढून जात नाहीत. दिसलेच नाहीत, आणि जात नाहीत.

फिदानला सांगितलं, पांढरी टाकायची. कळलं?

"बरं, आई."

मला वाटलं होतं, निदान मान वर करून बघेल.

७ नोव्हेंबर, रविवार

मतदान शाळेत. त्याच्याच वर्गात. भिंतीवर त्याने रंगवलेली अक्षरं अजून तशीच आहेत. याच बाकावर बसून शिकले मी, गुडघे वर येत होते.

कोपऱ्यात दोरीवर घोंगडी टांगलेली. मागे टेबल, टेबलावर दोन ढीग. पांढऱ्याचा खालपर्यंत उतरलेला. निळ्याचा जसा आणला तसा.

मी निळी हातात घेतली. खोटं कशाला लिहू? घेतली आणि पाकिटात घालून बघितली. सार्जंट खोटं बोलला नव्हता. आतली निळी अशी दिसत होती जशी पातळ कातडीखाली शीर. फिदानची पोळीसुद्धा याच्यापुढे जाड!

काढली. पांढरी घातली.

बाहेर सार्जंटने पाकीट उजेडाकडे धरलं. "शाबास, आजीबाई." कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

माझ्यामागून फिदान. ओढणीखाली हात, नजर खाली. तिचंही पाकीट त्याने उजेडाकडे धरलं. पांढरं. पेटीत गेलं.

घरी येऊन भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

८ नोव्हेंबर

हिदायेत धापा टाकत आला. काल मोजताना सगळी पांढरी निघत होती. सार्जंटने पेढीवाल्यासारखी मांडी घातलेली. मग एक पाकीट उघडलं, तर आत पोळी! कागदासारखी पोळी, आणि तिच्या घडीत निळी चिठ्ठी!

"काकू, खरं सांगा."

मी म्हटलं, देवाशपथ, मी नाही. त्याला पटलं नाही. आयुष्यात एकदा भ्यायले, तर तेही कुणाला खरं वाटेना!

"सार्जंटने पोळी ठेवलीय. चिठ्ठी बाद केली आणि वर कळवलं, सगळी पेटी पांढरी. आता त्याला गुपचूप कळायला हवंय, कोण ते."

फिदान दारात गाईचं दूध घेऊन उभी. वळून गोठ्यात गेली. काढलेलं दूध घेऊन परत गोठ्यात!

९ नोव्हेंबर

सार्जंट आला. रुमालातून पोळीचा तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला. हाजेर दारातून डोकावत होती, हिदायेत टोपी चुरगाळत होता.

"आजीबाई, बायकांना एकमेकींचा हात कळतो म्हणे. ही कुणाची?"

बघितल्याबरोबर कळलं मला. तुकड्यातून त्याच्या कोटाची बटणं दिसत होती.

मी म्हटलं, नुसती बघून कशी सांगू? आणि तुकडा तोंडात टाकला. तो "अहो!" म्हणेपर्यंत अख्खा चावून गिळला.

"मीठ अगदी बरोबर पडलंय," मी म्हटलं. "म्हणजे आमच्या घरातली नव्हे. माझ्या सुनेची ख्याती विचारा कुणालाही."

हाजेर पटकन म्हणाली, "खरंच साहेब, ती मीठ विसरते. सगळ्या गावाला माहीत आहे."

सार्जंटने रिकामा रुमाल खिशात कोंबला. करणार काय? पेटी पांढरी असं त्यानेच कळवलंय. मी विचारलं, नेवझातचा कागद?

"बघू," म्हणाला. बूट आपटत गेला.

त्या पोळीत मिठाचा कण नव्हता.

१० नोव्हेंबर

कळलं असूनही विचारवत नाही. ती घरात वावरते आणि मी तिच्या पाठीकडे बघते. नक्की नेवझातनेच तिला जाळीपाशी सांगितलं असणार. माझं पोर! हात गेले तरी मान गेली नाही. आणि त्याची आई पांढरी टाकून आली.

१४ नोव्हेंबर

आज विचारलं. त्यानेच सांगितलं ना, निळी टाक म्हणून?

फिदान परातीत पीठ मळत होती. "नाही, आई. पांढरी टाक म्हणाले. दोघी पांढरी टाका, पाया पडतो, म्हणाले. रडत होते."

मी पिठाच्या डब्याचं झाकण लावलं.

"त्यांना नाही म्हणता येत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हालाही नाही. मग घरात उरलं कोण?"

आजही मीठ विसरली. मी बोलले नाही.