वरचा एक

शिरोडा, शुक्रवार, १९ सप्टेंबर २००३

आज नववीतल्या रेश्माला मारलं. लाकडी पट्टीने, तळहातावरच्या चिंधीवरच. सकाळी आईबरोबर मासे विकायला बसते, तिथे तिला शिंगाळ्याचा काटा लागला होता. चिंधी मला दिसली नव्हती? दिसली होती!

छेदाचं परिमेयीकरण चाललं होतं, म्हणजे खालची करणी, वर्गमुळाची चिन्हं, घालवायची: १/(√५ − √३). फळ्यावर तिने फक्त छेदाला गुणलं, अंश तसाच ठेवला. मी ओरडलो. तर म्हणते, "सर, वरचो एक साधो आसा, तेका कित्याक गुणूचा? करणी खाली आसा." वर्ग हसला आणि माझं डोकं फिरलं. किती पट्ट्या मारल्या? पाच? सहा? चिंधी लाल झाली तेव्हा थांबलो.

त्याआधी दहाच मिनिटं मुख्याध्यापक सगळ्या शिक्षकांसमोर मला म्हणाले होते, "गणित येतं का हो तुम्हाला?" नरडं धरावंसं वाटलं. म्हणालो काय, तर "हो सर".

घरी येऊन पट्टी मोडली, चुलीत घातली. काय उपयोग? खाली जे कराल ते वरही करा, हे मीच घसा फोडून शिकवतो. आणि मी? वरच्याला बोटही लावलं नाही. सगळा राग खाली काढला.