कडेचा माणूस

२० ऑक्टोबर १९९३, बुधवार
मिळाला! गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या बाजारात झेंडू विकणारी भागुबाई, मखमलाबादची माळीण. एरवी कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढते. आज खळखळून हसली आणि मी बटण दाबलं. एकदाच! टेलिफोन ऑफिसात उशिरा पोहोचले. साहेब बोलले. बोलू देत.

२१ ऑक्टोबर
बाथरूमची डार्करूम केली. धनराज बाहेरून, "अगं, आंघोळ करू की तसाच जाऊ ऑफिसला?" तसाच जा म्हटलं!
निगेटिव्हच्या डाव्या कडेला कुणी माणूस लुडबुडलाय, तोही हललेला. फोटो मोठा करताना कापला. आता नुसती भागुबाई आणि तिचं हसू. मागे माझा शिक्का मारला – छायाचित्र : ज्योत्स्ना.

१४ जानेवारी १९९६
पहिलं बक्षीस!! स्पर्धेत सगळे पुरुष, बाई मी एकटी. परीक्षकांनी विचारलं, "हे हसू मिळवलंत कसं?" मी ऐटीत सांगितलं, धीर लागतो, माणसाचा आपल्यावर विश्वास बसावा लागतो. टाळ्या! धनराज सगळ्यांत जोरात वाजवत होता.

१७ जानेवारी
भागुबाईला फोटो नेऊन दिला. खूप वेळ पाहिला तिनं. उलटून मागेही पाहिलं. शिक्का पाहिला असेल.

३ मार्च १९९९
धनराज येईल त्याला माझा कॅमेरा दाखवून सांगतो, "बायकोनं मला सवत आणलीय, गळ्यात घालून फिरते."

१० डिसेंबर २००६
इंदिरानगरच्या हॉलमध्ये माझं एकटीचं प्रदर्शन! वीस वर्षांचा नाद भिंतभर लागलाय. दारातच भागुबाईचा फोटो. तिला मुद्दाम बोलावलं होतं. आली, स्वतःच्या फोटोपुढे उभी राहिली. मी कौतुकाची वाट पाहतेय.
"ताई, आमचं कारभारी कुठं गेलं?"
"म्हणजे?"
"हितंच तर व्हते, बाजूला. त्यांच्याकडं बघून हसले व्हते मी. तवाच इचारणार व्हते तुमाला. आता श्रावणात गेले ते. घरात एकबी फोटू नाय त्यांचा."
नवऱ्याचं नाव ती घेईना. सोबतच्या बाईनं सांगितलं – झुंबर.
इतकी वर्षं ते हसू मी माझं म्हणून मिरवलं!

११ डिसेंबर
डिजिटल आल्यापासून निगेटिव्हचे डबे माळ्यावर. धनराज शिंकत शिंकत चढला. निम्म्या पट्ट्या बुरशीनं चिकटल्यात. त्र्याण्णवची दिसत नाही. जेवण गेलं नाही.

१२ डिसेंबर
सापडली! धनराजलाच. लॅबवाल्यानं कॉम्प्युटरवर मोठी केली. झुंबर – दोन्ही कानांवर झेंडू खोवलेले, डोळे तिरळे केलेले, जीभ बाहेर! हललेला, पण अख्खा. मी लॅबमध्येच हसत सुटले. मग रडू आलं.

१३ डिसेंबर
दोघांचा मिळून फोटो घेऊन गेले. भागुबाईनं झुंबरवरून बोट फिरवलं.
"लय ब्येस. पण ताई, मला कापा ह्यातनं."
"अहो, का?"
"हार घालायचाय. मी जित्ती हाय की अजून!"

२४ डिसेंबर
कापला. या वेळी बक्षीसवालं हसू कापलं, कडेचा माणूस ठेवला. शिक्का मारायचं लक्षातही आलं नाही. आज मखमलाबादला जाऊन भिंतीवर पाहून आले. माझा सगळ्यांत चांगला फोटो हाच, कुणी काही म्हणो! घरात शिरणारा जो तो आधी हसतो, मग हात जोडतो.