पांढऱ्या दाढीची दिव्या

वडसा, थंडीचे दिवस, २००९

गुणवंतभाऊ,

नूर मोहम्मदचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (जो आधी पोचेल तो ठेवून घ्या.) गुडघा कसा आहे? आशाबाईंचा खोकला गेला का? इकडे सारे बरे. फक्त माझ्या हातून एक घोटाळा झाला, आणि तो थेट तुमच्या चंद्रपुरात, जावईबापूंच्या कॉलेजात जाऊन बसला आहे.

झालं असं. जावईबापूंनी पोरापोरींना प्रोजेक्टसाठी इंटरनेटवर एक पान दिलं. चौघांनी मिळून त्याच पानावर लिहायचं. कोणी काय लिहिलं ते सरांना नावानिशी दिसते, त्यावरच मार्क. आमच्या नातीच्या, शगुफ्ताच्या गटानं विषय घेतला, धानगिरणीची मोटार तापते काऊन. चौघंही वडशाचीच, सुट्टीत घरी आलेली; लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर फक्त माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात, म्हणून इथीच जमली. गटातल्या दिव्याची बोटं टायपिंगवर भराभर चालतात, तर पान तिच्याच नावानं उघडलं. शगुफ्ता ग्रीसच्या हातानं मोटार खोलून मागून सांगून राह्यली, दिव्या लिहून राह्यली. (आपल्या नाटकातही विंगेतून सांगणाऱ्याले कोण टाळी देते?) मग सरांचा शेरा आला : दिव्या उत्तम, शगुफ्ताचा सहभाग शून्य.

पोरगी जेवली नाई. दिव्यानं बिचारीनं सरांना फोन केला, तर मैत्रिणीची बाजू सारेच घेतात म्हणाले. मी शगुफ्ताले म्हटलं, तूच सांग ना. तर म्हणे, "पानावर नाई तर नाईच जी, नाना."

भाऊ, मी पुड्यांचे कागद वाचून शिकलेला माणूस. पण साक्ष घरच्या मोठ्यानं द्यावी, ही आपली रीत. ती बाहेर गेली, पान दिव्याच्या नावानं उघडंच होतं, मी एका बोटानं लिहिलं : "सर, मोटार शगुफ्तानेच खोलली. हिला मी खांद्यावर बसवून उरुसाला नेली आहे. खोटं निघालं तर ही पांढरी दाढी उपटून घ्या."

पान साऱ्या वर्गाले दिसते; सकाळी सगळ्यांनी वाचलं, की दिव्याले पांढरी दाढी आहे. पोरं तिले 'चाचा' म्हणून राह्यले. ती पोट धरून हसली, आमची मात्र फुगून बसली. "नाना, खाली नाव तरी टाकायचं!" मले काय ठाव? वडशात माझं अक्षर सारेच ओळखतात.

आता सोमवारी सरांनी चौघांना बोलावलं आहे. मोटार समोर ठेवून एकेकानं समजावून सांगायची.

तुमचाच,
नूर मोहम्मद

ता. क. जावईबापूंकडे शब्द टाका म्हणणार होतो. शगुफ्ता म्हणते, शिफारस केली तर मी जाणारच नाई. तेव्हा टाकू नका. फक्त सोमवारी आशाबाईंनी तिले दोन घास जबरदस्तीनं खाऊ घालावे. भ्याली की ही जेवत नाई.

आणखी एक. पाकीट चिकटवता चिकटवता पान पाहिलं. माझ्या साक्षीखाली शगुफ्तानं पहिल्यांदा स्वतःच्या नावानं लिहिलं आहे : "वरची दाढी माझ्या नानांची आहे. मोटार मी खोलली." जावईबापूंना सांगा, मार्क काय द्यायचे ते द्या, पण तेवढं पुसू नका. याले काही शिफारस म्हणत नाईत.