डाव्या पायाखालची फरशी

प्रिय चिमे,

बाथरूमचं काम निघालंय आणि मी घाबरलेय. हस, हस! पालीला झाडूने हाकलणारी ताई शॉवरच्या फरशीला घाबरते, म्हणशील. पण खरंच, हल्ली धड झोप लागत नाही.

शॉवरमागची भिंत ओलीने फुगली, म्हणून सगळंच उखडायचं ठरलं. तुझ्या भावोजींना हॉटेलसारखा संगमरवर हवा, वर काचेचं दार. ती काच रोज पुसणार कोण, यावरून आमची जुंपली. शेवटी वैतागून गवंड्याने फरशीचे दोन तुकडे घरी आणून टाकले, एक गुळगुळीत, एक खरखरीत. तुमचं तुम्हीच ठरवा म्हणाला.

माझी तऱ्हा तुला माहीत आहे. चादर घ्यायची तरी मी दुकानात गाल लावून बघते आणि तू ओळख नसल्यासारखी लांब जाऊन उभी राहतेस. तसंच इथेही. तुकड्यांवर साबणाचं पाणी ओतलं, बेसिन घट्ट धरलं, डोळे मिटले (अंघोळीत मिटतातच ना!) आणि दोन्हींवर एकेक पाय ठेवला. दोन्ही सारखेच गुळगुळीत! मग काय, माझा पारा चढला. एकच माल दोनदा आणून आम्हाला बनवतोस का, म्हणून गवंड्याला फोनवर फैलावर घेतलं. तो बिचारा धावत आला आणि त्याने मला तुकड्यांवरून हात फिरवायला लावला. एक चक्क कानशीसारखा खरखरीत होता. मी ओशाळून हसले, त्याला चहा दिला.

तो गेल्यावर पाय बदलून उभी राहिले. उजव्याला खरखर लगेच कळली. डाव्याला काहीच नाही. चिमटा काढला, गरम पाणी सोडलं. पाय लालबुंद झाला, तरी मला पत्ता नाही.

आईचं असंच सुरू झालं होतं, आठवतं? चप्पल पायातून निसटायची, ती तशीच चालत राहायची आणि आपण दोघी खिदळायचो. पुढचं लिहवत नाही गं.

खरखरीत फरशीच घेतली. काचेऐवजी पडदा, भिंतीला धरायला दांडे, बसून अंघोळ करता येईल असा कट्टा. तुझ्या भावोजींना सांगितलं, तुमच्या गुडघ्यासाठी. मला म्हातारा ठरवलंस म्हणून ते फुगून बसलेत. बसू देत.

डॉक्टरांना पाय दाखवून आले, गुरुवारी तपासणी आहे. त्याआधी यांना सांगेन, माझं मी निभावेन. पत्र त्यासाठी नाही. आईचं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, सख्खं भावंड कुणी आहे का? एक धाकटी बहीण आहे, एवढं सांगितलं आणि तडक घरी आले. फोनवर रडले असते, म्हणून लिहितेय. चिमे, वाचून झालं की दार लाव. काहीतरी घट्ट धर, डोळे मीट. एक पाय पायपुसण्यावर ठेव, एक नुसत्या फरशीवर, मग पाय बदल. फरक कळला तर लगेच फोन कर. नाही कळला तरी कर.

तुझीच,
भित्री ताई