केकवाल्याच्या घरी केक नव्हता

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा पिठाने भरलेल्या हातांनी नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींनी जिना चढणं सोडलं की हट्ट चालूच आहे? इथे आम्ही बरे आहोत (बरे म्हणजे पत्रात लिहितात तेवढे).

तुझ्या भाचीचा सहावा वाढदिवस झाला. त्याआधी जे घडलं ते तुला कळवलं नव्हतं, कारण लाज वाटत होती. तिच्या तीन दाढा काढाव्या लागल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज गोड काय खाते?" मी म्हटलं, "दुकानात उरलेला केक." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांनी नुसतं लिहून घेतलं. मी बाहेर बाकावर तिचे बूट मांडीवर घेऊन बसलो होतो. अठरा वर्षं लोकांच्या पोरांना क्रीमची फुलं काढून देणारा मी, त्या बुटांकडे बघू शकत नव्हतो.

म्हणून ठरवलं, यंदा पार्टीत केक नाही आणि बाटलीतलं रंगीत पाणीही नाही. बायको म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी ऐकलं नाही. पावाच्या पिठाची वीस कासवं केली (भट्टीतून निघाली तेव्हा चपलांसारखी दिसत होती, पण डोळे लावल्यावर कासवं म्हणून खपली), कलिंगडाच्या फोडी, उकडलेली कणसं, केळं घुसळलेलं दूध आणि संत्र्याच्या चकत्या टाकलेलं गार पाणी. पोरांनी आल्या आल्या टेबलाखाली वाकून केक शोधला. शेजारच्या गोट्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, संपला का?" तेही इतक्या हळू आवाजात, जणू आमच्याकडे कोणी गेलं होतं. मग भूक लागली तशी कासवांची आधी मुंडकी गेली, मग पाय. कलिंगडाच्या बियांनी भिंतीवर नेमबाजी झाली. तासाभरात टेबल साफ. मला वाटलं, जिंकलो.

हरलो ते दुसऱ्या दिवशी. पोरांनी घरी जाऊन सांगितलं की केकवाले काका स्वतःच्या मुलीलाच केक देत नाहीत. एवढं पुरे होतं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्या गोष्टीत आधी शिळी अंडी शिरली, मग उंदीर. आठवड्यात चार वाढदिवसांच्या ऑर्डरी रद्द. काचेमागे केक, केकमागे मी, आणि माणसं वास घेऊन पुढे जातायत.

शेवटी आमच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, नातवासाठी केक सांगायला. दुकानात आणखी तिघं उभी होती. त्यांच्यादेखत बाईंनी सरळ विचारलं, "तुमचा केक तुमची मुलगी का खात नाही?" मी म्हणणार होतो, तिला आवडत नाही. पण तोंडातून खरं तेच निघालं, "रोज खायची. मीच द्यायचो. तीन दाढा गेल्या."

बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "केक निम्म्या आकाराचा करा. आणि त्या चपला पंधरा." (पोरांकडून कळलं असणार; कासवं म्हणाल्या असत्या तर जास्त बरं वाटलं असतं.)

रद्द करणाऱ्यांपैकी दोघी परत आल्या. दोघी आल्या नाहीत, आता येतील असं वाटतही नाही. मी मात्र केक उरणार नाही इतकाच करतो.

भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. आता पत्राचं खरं कारण. परवा डॉक्टरीणबाईंनी लेकीला तपासलं, तिचं सगळं छान आहे म्हणाल्या. मी खूश होऊन हसलो, तर त्या माझ्याच तोंडात डोकावल्या. अठरा वर्षं रोज क्रीम चाखतोय ना. माझ्या दोन दाढा काढायच्या आहेत, गुरुवारी. बायकोला सांगितलेलं नाही. तू येशील का?

ता. क. दुसरा. लेकीला कळलंय. म्हणते, "बाबा, घाबरू नकोस, मी तुझा हात धरून बसते." ताई, ती शेजारी असली तर मला रडता येणार नाही. तू ये.