पॅकिंगच्या बायका

१४ फेब्रुवारी १९९४
आज गेट मीटिंग. युनियनचे सेक्रेटरी शिंदे स्टुलावर चढून बोलले. पगारवाढ झाली. टाळ्या, शिट्ट्या. मग जाता जाता सांगितल्यासारखं म्हणाले, औषधांचं पॅकिंग कंत्राटदाराकडे जाणार. आम्हा पॅकिंगच्या बायकांतल्या जुन्या तेवढ्या कायम, बाकीच्यांना तो 'सामावून घेईल'. प्लँटवरच्या पुरुषांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. वाढ मिळाली ना.
मी राहिले. खतिजा कंत्राटात गेली. दोघी पनवेलच्या, बरोबरच लागलो. मधे बाळंतपणात तिनं सोडलं, परत लागली, म्हणून ती 'नवी'.

१ मार्च
खतिजा आता मागच्या गेटनं. गोळ्या त्याच, खोकी तीच, मधे फक्त पत्र्याची भिंत. त्यांना कंपनीची बस नाही, कँटीन नाही. सकाळी कळंबोली नाक्यावर दिसली, टेम्पोची वाट बघत. ड्रायव्हरला म्हटलं, थांबवा. "ताई, माझी नोकरी घालवता का?" बसमधल्या सगळ्यांना एकदम दुसऱ्या बाजूच्या खिडकीत काहीतरी बघायचं होतं.

९ मार्च
जेवणाच्या सुट्टीत दोघींचा डबा घेऊन मागे गेले. चौथा दिवस. खतिजा जेवली नाही.
"सुधा, उद्यापासून येऊ नकोस."
"का गं?"
"तुझ्या डब्यातलं खाल्लं की आता शुक्रिया म्हणावंसं वाटतं. आधी कधी म्हणायचे का मी?"
भाकरी परत आणली. घरी कुणी खाल्ली नाही.

३ एप्रिल
वाढीव पगार झाला. हे म्हणाले, फ्रिज घेऊ. घेऊ म्हटलं. उन्हाळा आहेच. शेजारच्या कुलकर्णीबाईंना सांगताना माझाच आवाज मला नको झाला.

२० जून
गव्हाणची यमुना, कंत्राटातलीच, तिचं बोट सीलिंग मशीनमध्ये सापडलं. प्रथमोपचाराची खोली आमच्या बाजूला. वॉचमननं दारातच अडवलं, "कंत्राटी आत नाही." खतिजानं स्वतःची ओढणी फाडून बोट बांधलं. मी पत्र्याच्या फटीतून बघत होते. नुसती बघत.
कंत्राटदार म्हणतो, चूक तिची, उद्यापासून येऊ नको.
यमुना ओरडत होती, "आमी मानसा नाय काय?" आमच्या बाजूची मशीन चालूच होती.

२२ जून
कंत्राटातल्या सगळ्याजणी गेटबाहेर बसल्या. यमुनेला परत घ्या, उपचाराचा खर्च द्या. शिंदेंनी आम्हाला बोलावलं.
"उद्या तुम्ही त्यांच्या टेबलावर बसायचं. ऑर्डर अडलीय."
"त्यांच्या जागी?"
"कंत्राटी बायकांचं आपल्याशी काय देणंघेणं?"
"आणि परवा आम्हाला तिकडे ढकललं तर?"
"बाई, परवाचं परवा बघू."
कुणी हसलंसुद्धा. घरी सांगितलं. हे म्हणाले, "तू एकटी नाही गेलीस तर काय फरक पडणार? फक्त तुझी नोकरी जाईल." खरंच आहे. म्हणून तर राग आला.

२३ जून
बस गेटपाशी अडली. त्या ताडपत्री अंथरून रस्त्यातच. पोलिसांची गाडी उभी. शिंदे ओरडले, सगळ्या उतरा, बाजूनं चालत आत चला. उतरलो. एकेक जण पदर सावरत, खाली बघत गेली. ज्यांच्याबरोबर हळदीकुंकू केलं, ईदची शेवई खाल्ली, त्यांच्याच पायांशेजारून.
मला पाऊल टाकवेना. आतही नाही, त्यांच्यातही नाही. खतिजानं वर पाहिलं. 'ये, बस' म्हणाली नाही. यमुनेच्या बाजूला थोडी सरकली. मला जागा केली की वाट दिली, समजलं नाही. विचारायची छाती झाली नाही.
जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होईपर्यंत तशीच उभी होते. मग चालत नाक्यापर्यंत आले, रिक्षा केली.
शिंदेंचा निरोप आलाय, आजची गैरहजेरी पोटात घालू, उद्या वेळेवर या.
इस्त्रीचा युनिफॉर्म खुर्चीवर आहे. मुलीनं विचारलं, आई, उद्या डबा किती जणांचा करायचा?